ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन

जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी भागांवर त्रिसंयुजी (ट्रायव्हॅलंट, म्हणजे संयुजा तीन असलेल्या) क्रोमियमच्या क्षारांपासून चढवला जाणारा अतिशय पातळ संरक्षक थर. नट, बोल्ट, वॉशर, बिजागऱ्या, गाड्यांचे ब्रॅकेट अशा भागांवर तो वापरतात. पूर्वी हे काम षट्‌संयुजी क्रोमियमने, कारखान्याच्या बोलीत ‘हेक्झा’ने, होत असे.

जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. पण उघड्या जस्तावर दमट हवेत लवकरच पांढरा गंज धरतो. म्हणून प्लेटिंग झालेला माल क्रोमियमच्या आम्लधर्मी द्रावणात, म्हणजे ‘बाथ’मध्ये, थोडा वेळ बुडवतात. हेक्झाच्या बाथमधून बोल्ट निघतो तो सोनेरी पिवळा, आणि उजेडात फिरवला की त्यावर हिरवी-गुलाबी झाक खेळते. त्याचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. थरात अडकलेले षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळते. ओरखडा पडला की ओलाव्याबरोबर ते तिथे पोचते आणि उघडे पडलेले जस्त पुन्हा झाकते. पण विरघळण्याच्या याच गुणामुळे ते सांडपाण्यातून जमिनीत आणि विहिरीत उतरते. बाथच्या वाफाऱ्यात वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या कामगारांच्या हातांवर न भरणारे व्रण होतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. गंज रोखण्यासाठी माणसांनी एवढी किंमत मोजणे कधीच योग्य नव्हते.

युरोपीय संघाने विद्युत उपकरणांत १ जुलै २००६पासून आणि मोटारींत १ जुलै २००७पासून हेक्झाला आळा घातला. भारतात ई-कचऱ्याच्या नियमांनी उपकरणांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा आणली. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्लेटिंगवाल्यांपर्यंत हा बदल मुख्यतः गाड्यांच्या कंपन्यांच्या अटींमधून पोचला.

त्रिसंयुजी थर निळसर किंवा फिकट इंद्रधनुषी दिसतो. हेक्झाचा थर साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तडकतो, हा मात्र इंजिनाजवळची उष्णता बरीच सोसतो. त्रिसंयुजी थर ओरखडा स्वतःहून भरून काढत नाही, म्हणून वर बहुधा सीलर, म्हणजे आणखी एक संरक्षक लेप, देतात. बाथही नाजूक: जाड थरासाठी तापमान, आम्लता आणि वेळ काटेकोर सांभाळावे लागतात. बाथमध्ये पडलेला एखादा नट तळाशी विसरला, तर त्याचे लोखंड विरघळत राहते आणि पुढच्या मालाचा टिकाऊपणा घटतो. अनेक बाथमध्ये कोबाल्टचे क्षार असतात आणि तेही निर्धोक नाहीत. त्यामुळे कोबाल्टविरहित बाथ वापरात येत आहेत.

सर्वांत मोठा फरक सांडपाण्यात दिसतो. हेक्झाचे पिवळे-नारिंगी पाणी आधी आम्लात सोडियम बायसल्फाइटने हिरवे करावे लागते, म्हणजेच त्रिसंयुजी. मगच चुना घालून क्रोमियम गाळाच्या रूपात खाली बसवता येते. नव्या पद्धतीत ही पहिली पायरी वाचते. गाळ मात्र उरतोच, आणि तो घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागतो.