पॅरिस–रूबे

फ्रान्समधील एकदिवसीय व्यावसायिक सायकलशर्यत. साधारणतः एप्रिलमधील रविवारी होते. अंतर सु. २६० किमी., पैकी सु. ५५ किमी. ओबडधोबड दगडी फरसबंदीचे. नाव कायम राहिले असले, तरी १९७७ पासून ती पॅरिसबाहेरील काँप्येन्य या गावाहून सुटते.

उत्तर फ्रान्समधील रूबे या गावचे गिरणीमालक तेओदोर व्येन व मोरीस पेरेझ यांनी १८९५ मध्ये तेथे सायकलपथ (सायकलशर्यतींसाठीची गोलाकार धावपट्टी) बांधला. त्याची प्रसिद्धी व्हावी म्हणून त्यांनी ही शर्यत सुचविली. पहिली शर्यत १८९६ मध्ये जर्मनीच्या योझेफ फिशरने जिंकली. तिच्या तारखेबद्दल मात्र मतभेद आहेत. बेत ईस्टरचा होता, त्याला चर्चने आक्षेप घेतला आणि स्पर्धकांसाठी पहाटे चारच्या प्रार्थनेचे आश्वासन देण्यात आले, अशी हकिकत सांगितली जाते. तीवरून शर्यत ईस्टरलाच झाली, असे काहींनी लिहिले. परंतु त्या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला होता, तर शर्यतीची तारीख सर्वसाधारणपणे १९ एप्रिल दिली जाते. हीच अधिक ग्राह्य वाटते. ‘उत्तरेचा नरक’ या बिरुदाचा संबंध दगडांशी जोडतात. ते बहुधा १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेला मार्ग पाहून आलेल्या पत्रकारांनी रूढ केले.

या शर्यतीत नशिबाचा वाटा किती, हा जुना वाद आहे. १९४९ मध्ये आंद्रे माएला अखेरीस चुकीचा रस्ता दाखविला गेला. तो भलत्याच दाराने सायकलपथावर शिरून पहिला आला. तक्रारींनंतर त्याला व मागच्या गटात पहिला आलेल्या सेर्से कोप्पीला संयुक्त विजेते ठरविण्यात आले. २००६ मध्ये विजेत्या कांचेल्लाराच्या मागोमाग पोहोचलेले होस्ते, व्हान पेटेगेम व गुसेव हे तिघे बंद रेल्वे फाटक ओलांडल्यामुळे बाद झाले. २०२३ मध्ये वाउट व्हान आर्टचे चाक कार्फूर द लार्ब्र या दगडी पट्ट्यावर पंक्चर झाले आणि मॅथ्यू व्हान डर पूल एकटाच पुढे गेला.

तरीही रॉजर दे व्लामिंक व टॉम बोनन यांनी प्रत्येकी चार वेळा ही शर्यत जिंकली, हे केवळ दैवाने घडणे अवघड. नशिबाचा मारा कमी करणे हाच येथील मुख्य डाव होय. दगडी पट्टे अरुंद असतात. मधला उंचवटा त्यातल्या त्यात बरा, कडेला चिखल आणि टोकदार दगड. पुढचा कोणी पडला की मागचे सारे अडकतात. म्हणून पट्टा सुरू होण्याआधीच्या डांबरी रस्त्यावर पुढची जागा धरण्यासाठी संघाचे साहाय्यक सायकलपटू आपली शक्ती खर्ची घालतात. आरांबेरच्या जंगलातील पट्ट्याआधी ही चढाओढ सर्वांत तीव्र होते. तेथे खाणीत काम केलेल्या जाँ स्ताब्लिन्स्कीने सुचविलेला हा सु. २·३ किमी.चा पट्टा १९६८ मध्ये मार्गात आला. संघाची गाडी वेळेवर पोहोचेलच असे नसते, म्हणून संघांचे लोक चाके घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. टायरही रुंद व कमी हवेचे वापरतात.

दुसरा डाव आरंभीच निसटून पुढे जाणाऱ्या छोट्या गटात, म्हणजे फळीत, सामील होण्याचा. अशी फळी बहुधा पकडली जाते, पण तिच्यातील सायकलपटू दगडांवर गर्दीविना पोहोचतो. डर्क देमोल (१९८८) व मॅथ्यू हेमन (२०१६) असेच जिंकले; हेमनचा हात काही आठवड्यांपूर्वीच मोडला होता.

स्त्रियांची शर्यत २०२१ पासून होते. पहिल्या वर्षी लिझी डिग्ननने दगड सुरू होण्याआधीच आघाडी घेतली आणि सु. ८० किमी. एकटीने कापून ती जिंकली.