गर्भारपण व प्रसूतीतील जननांगी हर्पीस

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या एचएसव्ही-१ व एचएसव्ही-२ या दोन प्रकारांपैकी कोणत्याही एकामुळे जननेंद्रियांची त्वचा व आतील अस्तर यांना होणारा संसर्ग म्हणजे जननांगी हर्पीस. तो गर्भवती स्त्रीला असल्यास विषाणू बाळापर्यंत पोचू नये यासाठी गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी व नंतरच्या काही आठवड्यांत जी काळजी घ्यावी लागते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. मराठीत ‘नागीण’ म्हणतात तो विकार कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असले तरी आजार वेगळे आहेत, त्यामुळे पूर्वी नागीण झाली होती एवढ्यावरून जननांगी हर्पीसबद्दल काहीच ठरत नाही.

एकदा शिरलेला हा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याच्या तळाजवळील चेतापेशींच्या गाठींत तो सुप्त राहतो आणि अधूनमधून चेतातंतूंवाटे त्वचेवर परततो. मात्र बाळाच्या दृष्टीने आईला हर्पीस आहे की नाही यापेक्षा तो केव्हा झाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. जुन्या संसर्गात आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्याला बरेचसे संरक्षण देतात. दिवस भरत आले असताना पहिल्यांदाच लागण झाली, तर प्रतिपिंडे तयार होऊन बाळाकडे पोचण्याइतका वेळच उरत नाही. अशा वेळी योनिमार्गे प्रसूती झाल्यास बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के मानली जाते. जुना हर्पीस पुन्हा उसळून प्रसूतीवेळी फोड असतील, तर हेच प्रमाण सुमारे ३ टक्के किंवा त्याहून कमी असते. म्हणून वर्षानुवर्षे हर्पीस असलेल्या स्त्रीला वाटणारी भीती बहुधा प्रत्यक्ष धोक्यापेक्षा कितीतरी मोठी असते. उलट लागण झालेल्या बहुतेक नवजात बाळांच्या मातांना आपल्याला हर्पीस आहे याची आधी कल्पनाही नसते.

गर्भवतीला हर्पीस नसून जोडीदाराला असेल, तर शेवटच्या तिमाहीत मुखसंभोगासह सर्व शरीरसंबंध टाळण्याचा सल्ला दिला जातो. ओठांवर उठणारा, ‘ताप उतला’ म्हणून सोडून दिला जाणारा फोडही मुखसंभोगातून जननेंद्रियांना लागण करू शकतो.

औषधांत असायक्लोव्हिर व त्यापासून बनवलेले व्हॅलासायक्लोव्हिर ही मुख्य होत. असायक्लोव्हिरचा गर्भारपणातील अनुभव अनेक दशकांचा असून त्यामुळे बाळात जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले नाही. हर्पीसचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीला साधारणपणे ३६व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देतात. एरवी फोड दाबून ठेवण्यासाठी हीच मात्रा दोनदा पुरते, पण गर्भारपणात मूत्रपिंडे औषध लवकर बाहेर टाकतात, म्हणून तिसरी गोळी वाढते. या उपायाने प्रसूतीवेळी फोड असण्याची आणि त्यापायी सिझेरियन करावे लागण्याची वेळ कमी येते. विषाणूचे स्रवणे, म्हणजे त्वचेवाटे बाहेर पडत राहणे, मात्र पूर्णपणे थांबतेच असे नाही.

कळा सुरू झाल्यावर फोडांबद्दल, तसेच जांघेत किंवा योनिमुखाशी जळजळ, मुंग्या वा दुखरेपणा जाणवतो का, हे विचारून घेतात, कारण फोड दिसण्याआधी हीच लक्षणे विषाणू जागा झाल्याचे सांगतात. त्यानंतर चांगल्या उजेडात योनिमुख, योनिमार्ग व गर्भाशयमुख तपासले जाते. काहीच आढळले नाही, तर केवळ पूर्वेतिहासापोटी सिझेरियन करण्याचे कारण नसते. शेवटच्या तिमाहीत प्रथमच लागण झालेली असल्यास, विशेषतः प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या ६ आठवड्यांत, सिझेरियनकडे कल असतो. जुन्या हर्पीसचे फोड प्रसूतीवेळी दिसल्यास काय करावे याबाबत देशोदेशींची रीत वेगळी आहे: अमेरिकेत सिझेरियन सुचवले जाते, तर ब्रिटनमध्ये धोका समजावून सांगून योनिमार्गे प्रसूतीचा पर्यायही दिला जातो. सिझेरियनने धोका पुष्कळ घटतो, पण शून्यावर येत नाही. योनिमार्गे प्रसूती होत असेल, तेव्हा बाळाच्या टाळूच्या त्वचेत टोचून बसवायचा हृदयगतीचा इलेक्ट्रोड शक्यतो टाळतात, कारण त्या बारीकशा जखमेतून विषाणूला थेट वाट मिळते आणि लागण झालेल्या बाळाचा पहिला फोड कधीकधी नेमका त्याच जागी उठतो.

नवजात बाळातील हर्पीस विरळ असला तरी गंभीर असतो. त्वचा, डोळे व तोंडापुरता मर्यादित, मेंदूपर्यंत पोचलेला आणि यकृत-फुप्फुसांसह सर्वांगात पसरलेला असे त्याचे तीन प्रकार मानतात. फोड नसतानाही बाळ दूध ओढेनासे होणे, सुस्त पडणे, ताप येणे किंवा अंग गार पडणे, झटके येणे ही लक्षणे पहिल्या काही आठवड्यांत दिसल्यास तपासणीचे निष्कर्ष येण्याची वाट न पाहता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करतात. पहिल्या प्रकारात ते १४ दिवस, इतर दोन प्रकारांत किमान २१ दिवस चालते आणि त्यानंतर ६ महिने तोंडाने औषध दिले जाते.

आईला जननांगी हर्पीस असला तरी अंगावर पाजण्यास हरकत नसते. स्तनावरच फोड असेल, तर त्या बाजूने तो बरा होईपर्यंत पाजत नाहीत, इतकेच. हात साबणाने धुणे आवश्यक असते. नवजात हर्पीसच्या सुमारे दहांपैकी एका रुग्णात लागण जन्मानंतर होते आणि ती आईकडूनच होते असे नाही. ओठावर फोड असलेल्या कोणीही बाळाचा मुका घेतला तरी पुरते.