मॉडेल वेगळं, असिस्टंट वेगळा

‘रोजच्या कामाला चॅटजीपीटी घेऊ, क्लॉड घेऊ की जेमिनी?’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात आणि बहुतेकांना ते एकच वाटतात. आतलं एआय मॉडेल कोणतं, हा एक. त्याच्याभोवती उभा केलेला असिस्टंट कसा, हा दुसरा. घोळ मुळात नावांनीच घातला आहे. चॅटजीपीटी हे ओपनएआय कंपनीचं अ‍ॅप, त्याच्या आत वेळोवेळी जीपीटी-४ओ, जीपीटी-५ अशी मॉडेलं आली. गुगलचा असिस्टंट आधी बार्ड होता, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो जेमिनी झाला आणि आतलं मॉडेलही जेमिनीच. क्लॉडचंही तसंच, दोन्हींना एक नाव.

मॉडेल म्हणजे अफाट मजकुरावर घडवलेली गणिती रचना. समोरचा मजकूर वाचून पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता किती, हे ती काढते. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. एक टोकन निवडलं की पुन्हा तेच गणित. मॉडेलला स्वतःहून आजची तारीख कळत नाही, इंटरनेट दिसत नाही, कालचं बोलणं आठवत नाही. ही सगळी सोय असिस्टंट करतो: वेबवर शोधणं, फाइल उघडणं, हिशोबासाठी कोड चालवणं, आणि आपल्याला न दिसणाऱ्या सूचना मॉडेलला आधीच देऊन ठेवणं.

हा फरक अगदी लख्ख दिसला तो १४ मार्च २०२३ रोजी. त्या दिवशी जीपीटी-४ जाहीर झालं आणि बिंग या आपल्या शोधयंत्रातला चॅट आधीपासून त्याच मॉडेलवर चालत असल्याचं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. म्हणजे मॉडेल एकाच घराण्यातलं, असिस्टंट दोन. बिंग वेबवर शोधून दुवे देत होतं, पण एका संभाषणात ठरावीकच प्रश्न विचारू देत होतं. चॅटजीपीटीतलं जीपीटी-४ तेव्हा मुख्यतः सप्टेंबर २०२१पर्यंतच्या माहितीवर बोलत होतं. ‘ताज्या बातम्या बिंगला जास्त कळतात, म्हणजे त्याचं डोकं जास्त चालतं’ असा निष्कर्ष तेव्हा कुणी काढला असेल, तर तो चुकलाच.

कार्यालयीन कामात मला मॉडेलपेक्षा असिस्टंट जास्त निर्णायक वाटतो. पत्राचा मसुदा, बैठकीचं टिपण, लांब अहवालाचा सारांश हे कोणतंही आघाडीचं मॉडेल बरं करतं. अडतं ते इतरत्र. तुमची फाइल तो पूर्ण वाचतो की तिचे काही भागच उचलतो? बेरीज कोड चालवून करतो की अंदाजानं लिहितो? संदर्भ शोधून देतो की रचून? २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. शोधाची सोय असली म्हणून उत्तर खरंच असतं असं नाही, पण निदान दुवा उघडून पडताळता येतो.

सर्जनशील लेखनात पारडं मॉडेलकडे झुकतं. वाक्यांची लय, संवादातला नैसर्गिकपणा, उपमा शिळी की ताजी, हे मॉडेलच्या घडणीतून येतं. ७ ऑगस्ट २०२५ ला ओपनएआयनं जीपीटी-५ आणलं आणि चॅटजीपीटीतून जीपीटी-४ओ काढून घेतलं. अ‍ॅप तेच, पडदा तोच, पण आपल्या सवयीचा आवाज हरवल्याची तक्रार इतक्या जणांनी केली की काही दिवसांतच पैसे भरणाऱ्यांसाठी जुनं मॉडेल परत आणावं लागलं. ती तक्रार मला पोरकट वाटत नाही. ज्याच्याशी बोलत कादंबरीचा मसुदा अर्ध्यावर आणलाय, त्याचा सूर मध्येच बदलला तर लिहिणाऱ्याला तो पहिल्या परिच्छेदातच जाणवतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर मॉडेलकडे नीट पाहावंच. जीपीटी-४ओ मे २०२४ मध्ये आलं, तेव्हा ओपनएआयनं दाखवलेल्या नमुन्यात ज्या मराठी मजकुराला आधी ९६ टोकन लागत, त्याला ३३ पुरले. एकाच वेळी किती मजकूर नजरेसमोर ठेवायचा याची मॉडेलची मर्यादा टोकनमध्ये मोजली जाते. त्यामुळे तेवढ्याच जागेत मराठीचा जवळजवळ तिप्पट मजकूर मावू लागला.

स्मृतीबद्दल मात्र सगळ्यात जास्त गैरसमज आहे. असिस्टंटला तुमचं नाव आठवतं, तेव्हा अ‍ॅपनं जपलेलं टिपण तुमच्या प्रश्नासोबत मॉडेलपुढे ठेवलेलं असतं. चालू संभाषणही मॉडेलपुढे दरवेळी नव्यानं मांडलं जातं. ते फार लांबलं की अ‍ॅप सुरुवातीचा भाग गाळतं किंवा आखडतं, आणि पहिल्या प्रकरणात विधवा असलेली आत्या नवव्या प्रकरणात नवऱ्याला हाक मारते.

म्हणून तुलना दोनदा करा. आधी स्मृती आणि वेब शोध बंद ठेवून, कोऱ्या संभाषणात, तीच सूचना प्रत्येकाला द्या. आणि हे तीन-तीन वेळा करा, कारण टोकन निवडताना थोडी यदृच्छा असते. एकाच उत्तरावरून काही ठरत नाही. मग सगळ्या सोयी चालू करून तुमची खरी फाइल, खरं काम द्या. पहिल्या वेळी मॉडेल जोखलं जातं, दुसऱ्या वेळी असिस्टंट. मेनूत निवडलेल्या मॉडेलचं नावही टिपून ठेवा, काही अ‍ॅप ते आपणहून बदलतात. आणि पात्रांची टिपणं, शैलीचे नमुने, नेहमीच्या सूचना अ‍ॅपच्या स्मृतीवर न सोडता स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. उद्या असिस्टंट बदलावासा वाटला, तर तेवढी फाइल उचलून नव्या ठिकाणी चिकटवता येते.