कामी दे कावाल्स

भूमध्य समुद्रातील मिनोर्का (कातालान : मेनोर्का) या स्पॅनिश बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्ण वळसा घालणारी जुनी वाट. लांबी सु. १८५ किमी. बॅलिॲरिक द्वीपसमूहातील हे दुसऱ्या क्रमांकाचे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सु. ७०० चौ. किमी. आहे. कातालान भाषेत नावाचा अर्थ ‘घोड्यांची वाट’. मूळ उच्चारात शेवटचा ‘ल’ मऊ, ‘ल्य’कडे झुकणारा आहे. यूरोपातील लांब पल्ल्याच्या पदभ्रमण मार्गांत या वाटेला जीआर २२३ हा क्रमांक आहे.

वाट नेमकी केव्हा आणि कोणी पाडली, याविषयी एकमत नाही. सर्वांत प्रचलित मत तिला चौदाव्या शतकात नेते. ॲरागॉनचा राजा तिसरा आल्फोन्सो याने १२८७ मध्ये मिनोर्का मुसलमानांकडून जिंकून घेतले. पुढे मायोर्काचा राजा दुसरा जाउमे याने १३०१ च्या सुमारास बेटाची नव्याने व्यवस्था लावली. तीत काही जमिनी ‘कावायेरीया’ म्हणून दिल्या गेल्या. असे वतन धारण करणाऱ्याने शस्त्रसज्ज घोडा बाळगावा आणि बेटाच्या रक्षणासाठी तो हजर करावा, अशी अट होती. या घोडेस्वारांच्या किनारी गस्तीतून वाट तयार झाली, असे हे मत सांगते. बेटाच्या उत्तर टोकाच्या भूशिराचे ‘काप दे कावायेरीया’ हे नाव त्याच वतनाची आठवण ठेवून आहे. मात्र घोडा बाळगण्याची अट सिद्ध झाली म्हणजे सलग वाट सिद्ध झाली, असे होत नाही. प्रचलित लेखनात या दोन गोष्टी सर्रास एक मानल्या जातात. त्यातच १५५८ मध्ये ऑटोमन आरमाराने सिउतादेया शहर उद्ध्वस्त केले. हजारो रहिवासी गुलाम म्हणून नेले गेले आणि बेटाचे बरेचसे जुने दप्तरही नष्ट झाले. त्यामुळे मध्ययुगासंबंधीची विधाने जपूनच करावी लागतात.

दुसरे मत अठराव्या शतकावर भर देते. या शतकात बेट ब्रिटिश, फ्रेंच आणि स्पॅनिश यांच्या हाती आळीपाळीने गेले. ब्रिटिशांनी ते १७०८ मध्ये घेतले व उत्रेख्तच्या तहाने (१७१३) त्यांचा ताबा कायम झाला. १७५६ ते १७६३ या काळात तेथे फ्रेंचांचा अंमल होता. पुढे १७८२ मध्ये ते स्पेनकडे गेले, १७९८ मध्ये पुन्हा ब्रिटिशांकडे, आणि १८०२ मध्ये आमीॲंच्या तहाने अखेर स्पेनकडे आले. किनाऱ्यावरील तोफा, टेहळणी बुरूज आणि चौक्या एकमेकींशी जोडण्याची निकड याच काळात सर्वाधिक होती. वाटेवरचे अनेक बुरूज, उदा., फोर्नेल्सचा गोल बुरूज, अठराव्या शतकाच्या अखेरचे किंवा त्यानंतर लगेचचे आहेत. आधीच अस्तित्वात असलेल्या तुटक वाटा या शतकात सांधल्या गेल्या व त्यांना आजचे वर्तुळाकार रूप आले, ही मांडणी अधिक पटणारी वाटते.

नावाचाही विचार करावा लागतो. कातालान व स्पॅनिश प्रदेशांत गाडीवाट आणि घोडा-खेचरांपुरती वाट असा भेद सर्वत्र केला जातो. त्या अर्थाने हे नाव लष्करी नसून केवळ ‘गाडी जात नाही अशी वाट’ एवढेच सुचवणारे असू शकेल. दक्षिण किनाऱ्याला वाट बऱ्याच ठिकाणी समुद्रापासून आत सरकते, कारण चुनखडकातील खोल घळी मुखाशी ओलांडता येत नाहीत. केवळ गस्तीसाठी आखलेल्या वाटेत हे दोषास्पद ठरले असते. शेतावरून शेतावर जाणाऱ्या वाटेला ते स्वाभाविक आहे.

भूरचनेच्या दृष्टीने बेटाचे दोन भाग पडतात आणि चालणाऱ्याला ते पायांनीच कळतात. उत्तरेकडील त्रामुंताना भागात पुराजीव महाकल्पातील पाटीचे दगड, तांबडे वालुकाश्म व चढउतार आहेत. फाव्हारिच भूशिराजवळचा काळा पाटीचा दगड आणि कावायेरीयाच्या पश्चिमेकडील लालसर वाळूचे किनारे हे याच भागातले. बिनीमेला ते आल्गायारेन्स हा टप्पा सर्वांत दमछाक करणारा मानला जातो. दक्षिणेकडील मिगजोर्न भाग मायोसीन काळातील चुनखडकाचा, सपाट, पण घळींनी चिरलेला आहे. बेटाचा सर्वोच्च बिंदू मोंते तोरो (३५८ मी.) मध्यभागी असल्याने या वाटेवर येत नाही.

वायव्येकडील पुंता नाती येथे झाड असे नाहीच. दगड, गडगे आणि गुरांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले दगडी निवारे एवढेच दिसते. १९१० मध्ये ‘जनरल शांझी’ ही फ्रेंच आगबोट या किनाऱ्यावर फुटली व एकच प्रवासी वाचला. त्यानंतर १९१३ मध्ये येथील दीपगृह सुरू झाले. गडगे म्हणजे चुना-मातीविना रचलेल्या दगडी भिंती. त्या सबंध बेटभर पसरलेल्या असून वाट बरेचदा दोन गडग्यांमधील पाणंदीतून जाते. रानऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची फाटके ही येथील खास कारागिरी आहे. ओलांडल्यावर फाटक लावून घेण्याचा संकेत पाळला जातो, कारण पलीकडे गुरे चरत असतात.

ब्रिटिश अधिकारी रिचर्ड केन याने माओ व सिउतादेया या दोन शहरांना जोडणारा रस्ता बेटाच्या मध्यातून बांधला. त्यानंतर किनारी वाटेची दळणवळणातील गरज कमी होत गेली. विसाव्या शतकात पर्यटन वाढले, तशी अनेक ठिकाणी खाजगी जमीनमालकांनी फाटके बंद केली. १९९० च्या दशकात वाट खुली करावी या मागणीसाठी बेटावर चळवळ उभी राहिली. बॅलिॲरिक संसदेने २००० मध्ये या वाटेविषयी स्वतंत्र कायदा करून मूळ मार्गावरून सार्वजनिक रहदारीची तरतूद केली. वाटेच्या प्राचीनत्वाचा वाद येथे निव्वळ विद्वत्तेचा राहत नाही, कारण कायद्याचा आधार ‘मूळ मार्ग’ हाच आहे. काही तुकड्यांसाठी भूसंपादन करावे लागले. संपूर्ण वाट २०१० मध्ये खुली झाली.

मार्ग माओपासून उत्तरेकडे निघून घड्याळाच्या उलट दिशेने परत माओला येतो. त्याचे २० टप्पे असून ते साधारण ५ ते १४ किमी. लांबीचे आहेत. ठरावीक अंतरावर लाकडी खुंट रोवलेले आहेत. पायी, घोड्यावरून वा सायकलवरून जाता येते. मोटार वाहनांना बंदी आहे. पुंता नातीच्या आसपासच्या टप्प्यांत सावली व पाणी दोन्ही नाहीत, म्हणून वसंत व शरद हेच चालण्याचे ऋतू मानले जातात. पहिला टप्पा एस ग्राऊ या गावी संपतो. तेथील पाणथळ प्रदेश १९९५ पासून निसर्ग उद्यान आहे, तर संपूर्ण बेट युनेस्कोने १९९३ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. काला मोरेयजवळ खडकात कोरलेली प्रागैतिहासिक दफनस्थाने वाटेलगतच आहेत. आग्नेयेकडील अखेरच्या टप्प्यांत पर्यटन वसाहती दाट असल्याने वाट काही ठिकाणी डांबरी रस्त्यावरून जाते.