स्पार्क प्लगच्या आट्यांची दुरुस्ती : फोर्ड ट्रायटन ट्रक इंजिन

पेट्रोल इंजिनाच्या हेडमध्ये स्पार्क प्लग ज्या भोकात बसतो, त्या भोकाचे झिजलेले किंवा उखडलेले आटे कापून काढायचे आणि तिथे धातूचा बुश (इन्सर्ट) बसवून प्लगसाठी नवे आटे तयार करायचे, अशी ही दुरुस्ती आहे. ती सर्वांत जास्त गाजली अमेरिकेतल्या फोर्ड ट्रायटन इंजिनांमुळे. 1997 च्या मॉडेलपासून एफ-150 पिकअप ट्रकमध्ये आलेली 4.6 आणि 5.4 लिटरची व्ही-8 आणि मोठ्या गाड्यांतली 6.8 लिटरची व्ही-10 या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या सुरुवातीच्या हेडमध्ये प्लगला धरणारे आटे जेमतेम चार होते. ज्वलनाचा दाब, तापण्या-निवण्याचे फेरे आणि थोडा सैल राहिलेला प्लग एवढे एकत्र आले की हे चार आटे सोलून प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडतो आणि बरेचदा वरची इग्निशन कॉइलही फोडतो. 2004 नंतरच्या तीन व्हॉल्व्हच्या इंजिनांत प्लग काढताना त्याचा खालचा भाग हेडमध्येच तुटून राहतो. ती तक्रार निराळी आणि तिचा इलाजही निराळा.

महाराष्ट्रातले बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सीएनजीवरच्या ट्रकना मात्र असतो. गॅसच्या इंजिनाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे प्लग लवकर झिजून वरचेवर बदलावे लागतात. जितक्या वेळा प्लग काढला-बसवला जातो तितकी आट्यांची झीज वाढते. खालच्या पद्धतीतले तत्त्व तिथेही लागू पडते.

प्लग सैल होऊ लागला की थंड इंजिन सुरू करताना टकटक ऐकू येते, पुढे फटफट आवाज येतो आणि गाडी एका सिलिंडरने लंगडते. गाडीच्या संगणकाला जोडलेला स्कॅनर पी0301 ते पी0308 यांपैकी बिघाडाचा कोड दाखवतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. या व्ही-8 मध्ये 1 ते 4 उजव्या रांगेत आणि 5 ते 8 डाव्या रांगेत असतात. सर्वांत मागचे 4 आणि 8 केबिनच्या भिंतीला लागून असल्याने तिथे हात पोचणे अवघड जाते. प्लग उडाल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. त्या सिलिंडरचा इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो आणि ते तापलेल्या इंजिनावर बाहेर फेकले जाते. गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

सुरुवातीचे एक-दोनच आटे वाकडे झाले असतील, तर 14 × 1.25 मिमीचा आटे साफ करणारा टॅप ग्रीस लावून हाताने फिरवला तरी भागते. आटे सोलले गेले असतील तर भोकात इन्सर्टच हवा. तारेच्या स्प्रिंगसारखा हेलिकॉइल स्वस्त पडतो, पण या हेडसाठी आम्ही तो सुचवत नाही. प्लग काढताना तार सुटून प्लगबरोबर वर येते आणि थोडक्या आट्यांचा मूळ दोषही तसाच राहतो. टाइम-सर्ट या ब्रँडसारखा भरीव, वर कॉलर असलेला बुश भोकाच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर आटे देतो, म्हणून दुरुस्त केलेले भोक मूळ भोकापेक्षा मजबूत होऊ शकते. फोर्डनेही 2007 च्या तांत्रिक पत्रकात हेड न बदलता लॉक-एन-स्टिच या कंपनीचा इन्सर्ट बसवण्याची पद्धत मान्य केली.

काम थंड इंजिनावर करावे. कॉइलचा 7 मिमीचा बोल्ट काढण्याआधी प्लगच्या खोल विहिरीतली वाळू आणि धूळ हवेने उडवून द्यावी. पिस्टन निम्म्याहून खाली आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत इंजिन आणावे, म्हणजे कटर पिस्टनला लागत नाही आणि कीस व्हॉल्व्हच्या बैठकीवर पडत नाही. मग रीमरने जुने आटे कापायचे, कॉलरसाठी बैठक कापायची आणि टॅप मारायचा. तिन्ही हत्यारांच्या खाचा ग्रीसने भरून ठेवाव्यात. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवावा आणि दर एक-दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसावा. खरी कसोटी हत्यार सरळ धरण्याची आहे. विहीर खोल असल्याने लांब एक्स्टेन्शन लागते आणि ते थोडे जरी कलले तरी बैठक तिरकी कापली जाते. म्हणून विहिरीत मध्यावर बसणारा गाइड असलेलाच संच घ्यावा.

ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही. व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून तो ओढावा, मग हवा मारावी आणि बोरस्कोपने (नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने) पिस्टनचा माथा तपासावा. राहिलेला कीस सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडतो.

इन्सर्ट बसवण्याआधी हेडमधले आटे ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडे करावेत आणि इन्सर्टच्या बाहेरून उष्णता सोसणारे थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरून ठेवणारे चिकट द्रव) लावावे. इन्सर्ट फिरवून बसवणाऱ्या हत्याराला, म्हणजे ड्रायव्हरला, मात्र तेल लावावे. कॉलर टेकल्यावर ड्रायव्हर जड होतो, कारण तो इन्सर्टचे खालचे आटे फुगवून हेडमध्ये घट्ट दाबत असतो. तो पुन्हा हलका होईपर्यंत फिरवायचा. जड लागला म्हणून मध्येच थांबले, तर पुढच्या वेळी प्लगबरोबर इन्सर्टही निघून येतो.

इन्सर्टची लांबी चुकवू नये. आखूड पडला तर प्लगचे उघडे आटे कार्बनने माखतात आणि काढताना इन्सर्टचे आटे खरवडतात. लांब पडला तर ज्वलनकक्षात डोकावणारी कड लाल होऊन मिश्रण वेळेआधी पेटवते. या इंजिनाचे प्लग वॉशरविना उतरत्या बैठकीवर टेकतात, तेव्हा इन्सर्टची बैठकही तशीच हवी.

उडालेला प्लग पुन्हा वापरू नये. नव्याचा गॅप (ठिणगीच्या टोकांमधले अंतर) 1.3 ते 1.4 मिमी ठेवावा आणि तो आधी रबरी नळीने हाताने फिरवून बसवावा. आटा वाकडा धरला तर नळी घसरते आणि नुकसान टळते. शेवटी संचासोबत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) टॉर्क रेंचने आवळावा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे मलम) लावले असेल तर तोच आकडा प्लगला जास्त ताण देतो, म्हणून टॉर्क कमी करावा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) इतर सिलिंडरांशी जुळते का ते पाहावे. कमी भरले आणि विहिरीतून फुसफुस ऐकू आली तर बैठक तिरकी कापली गेली आहे. अशा भोकात मोठ्या व्यासाचा इन्सर्ट बसू शकतो. भोकापासून तडा गेलेला असेल तर हेड उतरवावेच लागते.