डुकरांमधील विषाणूजन्य रोग : खबर, तपासणी आणि भरपाईची प्रक्रिया (सोलापूर जिल्हा)

कळपात अचानक तीव्र ताप, खाणे बंद होणे, कान व पोटाची कातडी लाल-निळी पडणे किंवा लागोपाठ मरतूक दिसल्यास त्याच दिवशी खबर द्यावी. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे निदान झाल्यावर शासनाच्या आदेशाने जी डुकरे मारली जातात त्यांचीच भरपाई मिळते, आधी रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे दोन दिवस वाट पाहणाऱ्या पालकाचे नुकसान दुहेरी होते, आणि हे टाळता येण्यासारखे असते.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार खबर देणे ऐच्छिक नाही. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने, मग तो मालक असो वा राखणदार, ग्रामपंचायतीला कळवायचे असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही कळवावे. आजारी डुकरे लगेच वेगळी बांधावीत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व मंगळवेढा हे तालुके कर्नाटकाला लागून असल्याने तेथील पालकांनी नव्याने आणलेल्या पिल्लांची माहितीही न लपवता द्यावी.

क्लासिकल स्वाइन फीव्हर आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर यांची लक्षणे इतकी सारखी असतात की नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही. म्हणून पशुवैद्यक नमुने घेतात आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या निदानासाठी ते भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात. निदान झाल्यास १ किलोमीटर परिघ बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटर परिघ निगराणी क्षेत्र ठरते. अहवाल येईपर्यंत एकही डुक्कर विकू नये, कापू नये. मेलेले उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये, चुना घालून खोल पुरावे.

भरपाईचा निम्मा वाटा केंद्र व निम्मा राज्य उचलते, आणि रक्कम वजनगटानुसार ठरते. त्यामुळे पंचनाम्यात प्रत्येक जनावराचे वजन व संख्या बरोबर नोंदली आहे ना, हे सही करण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावे. आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि कानातील बिल्ल्याचे १२ अंकी क्रमांक तयार ठेवावेत.

क्लासिकल स्वाइन फीव्हरवर लस आहे, ती दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्यावी. आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर उपचार नाही. तो माणसाला होत नाही, परंतु हॉटेलांच्या खरकट्यातील डुकराच्या मांसातून पसरतो. शहरालगतच्या पालकांनी असे खरकटे देऊच नये.