दुचाकी गाड्या वाकड्या लागतात त्या फक्त बेशिस्तीमुळे?

"आपल्या लोकांना शिस्तच नाही. दंड दुप्पट करा, गाड्या आपोआप सरळ लागतील." वर्षानुवर्षं फिरणारा हा मेसेज. त्यातला वैताग खरा, पण कारणाचं निदान अर्धवट.

पुण्यातले गर्दीचे रस्ते घ्या. पी-1, पी-2 चे (सम-विषम तारखांच्या पार्किंगचे) फलक आज कोणत्या बाजूला लावायची ते सांगतात, कोणत्या कोनात ते नाही. मग पहिला जशी लावतो तशीच पुढची रांग लागत जाते.

आता हिशेब. दुचाकी साधारण 2 मीटर लांब, हँडलपाशी 70-80 सेंमी रुंद. रस्त्याच्या 10 मीटर लांबीत कडेला समांतर लावल्या तर जेमतेम 5 बसतात. काटकोनात, 90 सेंमीच्या पट्ट्यांत 11. शिवाय साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, शेजारच्या हँडलात अडकते, म्हणून प्रत्येक जण जास्तच जागा सोडतो. फुटपाथवर चढवणाऱ्याला दंड हवाच, पण कोन दंडाने कळत नाही.

पडताळायचंय? सोसायटीच्या आवारात खडूने रेघा मारा, पहिली गाडी रेघेत लावा. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, एकाच वेळी गाड्या मोजा. सणवार टाळा, तेव्हा कुठलंच गणित चालत नाही.